संदेशाचे पैसे घ्या, पण काम सुरू करण्याआधी सांगा

प्रति,
रुग्णांच्या ऑनलाइन संदेशांना उत्तर देण्याचे शुल्क घेणारी, आणि घ्यावे का याचा विचार करणारी, सर्व रुग्णालय-व्यवस्थापने

विषय : संदेश-शुल्काची पूर्वसूचना, मोजणी आणि माफी

महोदय, महोदया,

हे शुल्क रद्द करा, अशी मागणी करणारे हे पत्र नाही. ती मागणी करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग समजण्याजोगा आहे. पण रुग्णाच्या संदेशाला नीट उत्तर देणे हे वैद्यकीय काम आहे आणि त्याचा मोबदला मागण्यात गैर काही नाही, असे आमचे मत आहे. आमचा आक्षेप आहे तो पैसे लागणार हे रुग्णाला कधी कळते, यावर. आज बहुतेक ठिकाणी ते बिल हातात पडल्यावर कळते.

आधी कामाविषयी, कारण रुग्णांच्या बाजूने बोलणारे अनेक जण इथेच घसरतात. 'बीपीची नवी गोळी सुरू केल्यापासून पाय सुजतात, बंद करू का?' असा एका ओळीचा संदेश येतो. पाठवणाऱ्याला वाटते, हो किंवा नाही एवढेच सांगायचे आहे. उत्तर देणाऱ्याला मात्र केसपेपर उघडून गोळी कोणती, डोस किती, सुरू कधी केली, हे पाहावे लागते. ॲम्लोडिपिन असेल तर घोट्यांना सूज येणे हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे आणि डोस वाढला की तोही वाढतो. पण सूज एकाच पायाला असेल तर शिरेत गुठळी झाली आहे का, हा विचार आधी करायचा. दोन्ही पाय सुजून जिना चढताना दम लागत असेल तर हृदयाचा. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन चालू आहे का, मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन आहे का, हेही बघायचे, कारण या दोन्ही औषधांनी शरीरात पाणी साठते. गोळी बदलून एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी या रक्तदाबाच्याच दुसऱ्या गटांतली द्यायची ठरली, तर रक्तातले आधीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम बघायचे आणि एक-दोन आठवड्यांनी ते पुन्हा तपासायला सांगायचे. मग नवे प्रिस्क्रिप्शन, जुने बंद केल्याची नोंद, आणि हे सगळे रुग्णाला कळेल अशा चार-पाच वाक्यांत लिहिणे. यात दहा-बारा मिनिटे सहज जातात. हेच काम समोरासमोर बसून झाले असते तर त्याच्या फीबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता.

अशा संदेशांची संख्या किती वाढली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या अभ्यासात असे दिसले की कोविडची साथ सुरू झाल्यावर रुग्णांकडून डॉक्टरांना येणारे संदेश आधीच्या सरासरीच्या १५७ टक्क्यांवर गेले आणि प्रत्येक वाढीव संदेशामागे डॉक्टरचा संगणकावरचा वेळ दिवसाला सुमारे २.३ मिनिटांनी वाढला. साथ ओसरली तरी सवय राहिली. दिवसाला २५ संदेश धरा. त्यांतल्या २० संदेशांना प्रत्येकी दीड मिनिट आणि विचार करावा लागणाऱ्या पाचांना आठ-आठ मिनिटे, म्हणजे ७० मिनिटे झाली. ही ७० मिनिटे कुठल्याच वेळापत्रकात नसतात. ती रात्री, जेवणानंतर, घरी बसून भरली जातात.

म्हणून अमेरिकेत २०२० पासून अशा कामासाठी बिलिंगचे तीन कोड आहेत : ५ ते १० मिनिटांसाठी ९९४२१, ११ ते २० मिनिटांसाठी ९९४२२ आणि २१ मिनिटांपासून पुढे ९९४२३. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये हे बिल लावायला सुरुवात केली. क्लीव्हलँड क्लिनिकने नोव्हेंबर २०२२ मध्ये लावले, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. भारताच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनाही मजकुरातून दिलेल्या सल्ल्याला सल्लाच मानतात. त्यासाठी योग्य शुल्क घ्यायला त्या मुभा देतात आणि त्याची पावती द्यायलाही सांगतात. तेव्हा शुल्काला आधार आहे. प्रश्न आहे तो ते लावायच्या पद्धतीचा.

त्या अमेरिकी कोडांच्या अटी तुमच्या बिलिंग विभागाला पाठ असतील. रुग्णाला त्यातली एकही माहीत नसते, म्हणून इथे मांडतो. संदेशाची सुरुवात रुग्णाने केलेली हवी. रुग्ण त्या दवाखान्यात आधीपासून नोंदलेला हवा. मिनिटे फक्त डॉक्टरची किंवा तत्सम अधिकार असलेल्या व्यक्तीची मोजायची. नर्सने किंवा स्वागतकक्षाने घालवलेला वेळ धरायचा नाही. सात दिवसांतला सगळा वेळ एकत्र मोजून एकदाच बिल करायचे, आणि हे सात दिवस रुग्णाने संदेश पाठवल्यापासून नव्हे, तर डॉक्टरने तो स्वतः पहिल्यांदा वाचल्यापासून सुरू होतात. आधीच्या सात दिवसांत त्याच तक्रारीसाठी भेट झाली असेल तर वेगळे बिल नाही. संदेशांतून त्या सात दिवसांत भेट ठरली तर ते काम भेटीतच जमा. शस्त्रक्रियेनंतरच्या ठरलेल्या काळात त्या शस्त्रक्रियेबद्दल विचारले तर तेही आधीच्या फीमध्येच.

अटी वाईट नाहीत. पण चूक नेमकी कुठे होते बघा. रुग्ण सोमवारी संदेश टाकतो. बुधवारपर्यंत उत्तर नाही, म्हणून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकतो. पहिला संदेश एका डॉक्टरकडे जातो, दुसरा रजेवरच्या डॉक्टरच्या जागी काम बघणाऱ्याकडे. दोघेही केसपेपर उघडतात आणि आपापली सहा मिनिटे नोंदवतात. विषय एक, आठवडा एक, बिले दोन. यात कुणी लबाडी केलेली नाही. दोन संदेश एकाच धाग्यात, म्हणजे एकाच संभाषणात, जोडण्याचे काम कुणाचेच नव्हते, एवढेच. ते काम आठवड्यातून एकदा कुणाला तरी नेमून द्या. बिल बाहेर पडण्याआधी एकाच रुग्णाचे, एकाच तक्रारीचे, सात दिवसांतले धागे शोधून एकत्र करणारा अहवाल तुमच्या संगणकप्रणालीतून काढता येतो.

मिनिटे मोजण्याचेही तसेच. प्रणालीत केसपेपर कधी उघडला आणि कधी बंद झाला याची नोंद असते, म्हणून तीच मिनिटे बिलात उचलण्याचा मोह होतो. पण डॉक्टर मध्येच फोन घेतो, कुणी दार ठोठावते, स्क्रीन उघडीच राहते. ही नोंद कामाची वेळ सांगत नाही, खिडकी किती वेळ उघडी होती ते सांगते. डॉक्टरने स्वतः मिनिटे लिहावीत, शंका असेल तिथे खालचा आकडा धरावा, आणि चार मिनिटांचे काम ओढूनताणून पाच करू नये. त्यात आता उत्तराचा मसुदा यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लिहून घेण्याची सोय आली आहे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासात या मसुद्यांमुळे डॉक्टरांचा वाचण्याचा वेळ वाढला, उत्तरे लांबली, पण उत्तर देण्याचा वेळ काही वाचला नाही. मग यंत्राने लिहिलेला लांबलचक मसुदा वाचून दुरुस्त करण्यात गेलेली मिनिटे रुग्णाच्या बिलात धरायची का? आमच्या मते नाही. ते हत्यार तुम्ही निवडले. ते बोथट निघाले तर त्याचा खर्च रुग्णावर टाकता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. आज पोर्टलवर, म्हणजे रुग्णालयाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर, संदेशाच्या चौकटीच्या वर एक ओळ असते : तुमच्या संदेशाला वैद्यकीय विचार आणि काही मिनिटांहून जास्त वेळ लागला तर शुल्क आकारले जाऊ शकते. खाली एक खूण करायची जागा. ती केल्याशिवाय संदेश जातच नाही, म्हणून सगळेच करतात, आणि कागदोपत्री संमती मिळते. पण आपल्या प्रश्नाला डॉक्टरला चार मिनिटे लागतील की चौदा, हे रुग्णाने कसे ठरवायचे? वर दिलेला पाय सुजल्याचा संदेश आठवा. विमा असेल तर आपला वाटा किती, हेही त्याला ठाऊक नसते. अमेरिकेतल्या मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात, वार्षिक वजावटीची रक्कम (विम्याने पैसे देण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची) भरून झाली असेल तर २० टक्के वाटा रुग्णाचा; खासगी विम्यात ती रक्कम अजून भरायची असेल तर सगळेच त्याचे. एकाच उत्तराचे एकाला काहीच पडत नाही आणि दुसऱ्याला ५० डॉलरच्या आसपास पडू शकतात. टॅक्सीचा मीटर प्रवाशाला दिसेल असा बसवतात. तुमचा मीटर चालकाच्या बाजूला आहे, आणि दर प्रत्येक प्रवाशाला वेगळा.

अशी सूचना वाचून फालतू संदेश पाठवणारा थांबतो, हा समज सोडून द्या. ज्याला पैशांची फिकीर नाही तो पाठवतच राहतो. थांबतो तो हात आखडलेला रुग्ण, आणि प्रश्न फालतू की गंभीर याची पारख करण्याचे ज्ञान त्याच्याकडे नसते. ते असते तर त्याने विचारलेच नसते.

यावर उपाय आहे. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, कामाचा क्रम बदलावा लागतो. संदेश आला की तो आजही बऱ्याच ठिकाणी आधी नर्स किंवा प्रशिक्षित कर्मचारी वाचतात. त्यांनी तिथेच त्याचे तीन भाग करावेत. छातीत दुखणे, अचानक एका बाजूची ताकद जाणे, श्वास लागणे, रक्तस्राव, जीव देण्याचे विचार असे काही असेल तर पैशाचा विषयच काढायचा नाही. त्याच मिनिटाला फोन. (असे संदेश पोर्टलवर येतात आणि कधी कधी दोन-दोन दिवस न उघडता पडून राहतात. शुल्क असो वा नसो, तो प्रश्न आधी सोडवा.) दुसरा भाग फुकट उत्तराचा, त्याची यादी पुढे देतो. उरलेला तिसरा भाग खऱ्या सल्ल्याचा. तो डॉक्टरकडे पाठवण्याआधी रुग्णाला उलट संदेश जावा : 'तुमच्या प्रश्नासाठी डॉक्टरांना तुमची माहिती तपासावी लागेल. तुमच्या विम्यानुसार तुमचा वाटा जास्तीत जास्त इतका होईल. पुढे जायचे, भेटीची वेळ घ्यायची, नर्सशी फोनवर विनामूल्य बोलायचे, की प्रश्न मागे घ्यायचा?' चार बटणे. रक्कम नेमकी सांगता येत नसेल तर कमाल सांगा आणि त्याहून एक पैसाही जास्त घेऊ नका.

रुग्णाने कुठलेच बटण दाबले नाही तर धागा आपोआप बंद होता कामा नये. ही जागा धोक्याची आहे. आकडा पाहून गप्प बसलेला रुग्ण बरा झाला असे नाही. एका कामकाजाच्या दिवसानंतर नर्सने तो संदेश पुन्हा वाचावा, त्यात लक्षणे असतील तर फोन करावा, आणि मगच बंद करावा. मागे घेतलेल्या प्रश्नांनाही हाच नियम.

यामुळे उत्तराला उशीर होईल, कर्मचाऱ्यांचे काम वाढेल, असे तुम्ही म्हणाल. थोडे वाढेल. पण बिल लावणाऱ्या मोठ्या रुग्णालयांतही प्रत्यक्षात बिल होते ते एकूण संदेशांच्या अगदी लहान भागाचे. विचारायचे आहे ते तेवढ्यांनाच. उलट आज त्या मोजक्या बिलांपायी सगळ्याच रुग्णांच्या डोळ्यांसमोर इशारा टांगला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत बिलिंग सुरू झाल्यावर संदेशांची संख्या किंचित घटली. ती घट बिल झालेल्यांमुळे आली की इशारा वाचून गप्प बसलेल्यांमुळे, हे नुसत्या एकूण संख्येवरून कळत नाही.

फुकट उत्तराच्या यादीत काय असावे, यावर वाद घालायला जागा आहे. चालू औषध पुन्हा लिहून देणे, अपॉइंटमेंट, दाखले, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याची चिठ्ठी, डॉक्टरनेच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणि त्यावरचे पुढचे बोलणे, हे बहुतेक ठिकाणी आजही फुकट आहे. आम्ही त्यात आणखी दोन गोष्टी घालायला सांगतो.

पहिली, तुम्हीच दिलेल्या औषधाचा दुष्परिणाम कळवणारा संदेश. वर आम्हीच दाखवले की त्याला दहा मिनिटे लागतात. तरीही तो फुकट ठेवा. रुग्ण पैशांच्या भीतीने सूज कळवत नाही, गोळी मनानेच बंद करतो, आणि तीन महिन्यांनी वाढलेला रक्तदाब घेऊन येतो. औषध सुरू करण्याच्या फीमध्ये पहिल्या सहा आठवड्यांच्या दुष्परिणामांची चौकशी धरलेली असावी.

दुसरी, तुम्ही मागवलेल्या तपासणीचा अर्थ विचारणारा संदेश. इथे जरा थांबू, कारण संदेशांच्या पुराचा एक मोठा झरा तुमच्याच आवारात आहे. अमेरिकेत २१ व्या शतकातील उपचारविषयक कायद्याच्या माहिती-अडवणुकीविरुद्धच्या तरतुदी ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाल्या आणि अहवाल तयार होताच, बऱ्याचदा डॉक्टरने पाहण्याआधीच, रुग्णाच्या फोनवर दिसू लागले. ही गोष्ट चांगलीच झाली; माहिती रुग्णाची आहे. पण अहवालात मर्यादेबाहेरचा आकडा लाल होऊन येतो. ती मर्यादा ठरवतानाच निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के आत धरलेले असतात, म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा २० पैकी एका वेळी बाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर ठणठणीत माणसाच्या अहवालात निदान एक लाल आकडा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. रक्तातल्या क्लोराइड या क्षाराची वरची मर्यादा १०७ आणि आकडा १०८ आला, तर डॉक्टर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. रुग्ण मात्र रात्रभर किडनीबद्दल वाचत बसतो आणि सकाळी संदेश टाकतो. भीती तुमच्या लाल रंगाने घातली आणि ती काढण्याचे पैसेही तुम्हीच घेणार?

त्यापेक्षा तपासणी लिहून देतानाच दोन वाक्ये पाठवा : आम्ही कोणते आकडे पाहणार आहोत आणि किती दिवसांत कळवू. अहवाल पाहिल्यावर डॉक्टरने एका ओळीचा शेरा टाकावा. तयार शेऱ्यांचा संच केला तर त्याला अर्धे मिनिट लागते आणि एक संदेश टळतो. डिस्चार्जच्या कागदावर 'गरजेनुसार घ्या' असे मोघम न लिहिता किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती, आणि कोणत्या लक्षणाला थांबायचे ते लिहा. हे आधी करा, मग उरलेल्या संदेशांना शुल्क लावा.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. बिल विमा कंपनीकडे गेले की कंपनी खर्चाचे विवरण पॉलिसीधारकाच्या नावाने पाठवते. आई-वडिलांच्या पॉलिसीवर असलेल्या तरुण मुलीने गर्भनिरोधकाबद्दल विचारले, किंवा नवऱ्याच्या पॉलिसीवरच्या बाईने घरातल्या मारहाणीबद्दल, तर पोर्टल कितीही सुरक्षित असले तरी तारीख, डॉक्टर आणि सेवेचा प्रकार घरच्यांच्या हातात पडतो. भेटीच्या बाबतीतही हे होते, पण भेटीला जाताना माणूस त्याची तयारी ठेवतो. संदेश खासगी आहे असे समजूनच तो पाठवतो. वर सांगितलेल्या उलट संदेशात 'विम्याला कळवू नका, मी स्वतः भरतो' हा पर्याय हवा, आणि अशा विषयांवर शुल्क माफ करण्याचा अधिकार डॉक्टरला हवा. मेडिकेअरमध्ये रुग्णाचा वाटा सरसकट माफ केला तर ती सूट रुग्णाला दिलेले आमिष मानली जाऊन लाचप्रतिबंधक कायद्याची अडचण येते, म्हणून तिथे माफी म्हणजे बिलच न करणे. ते बटण डॉक्टरच्या पडद्यावर ठळक ठेवा आणि ते किती वेळा दाबले यावरून त्याला जाब विचारू नका.

पैसे जातात कुठे, हेही एकदा सांगून टाका. शुल्क एकूण उत्पन्नात मिसळले आणि डॉक्टर रात्रीच उत्तरे देत राहिला, तर रुग्ण पैसे भरतो तरी उत्तर तितकेच घाईचे मिळते. वर धरलेल्या हिशेबाची ७० मिनिटे दिवसाच्या वेळापत्रकात दोन तुकड्यांत ठेवा, सकाळच्या भेटींनंतर एक आणि दिवस संपण्याआधी एक, आणि त्या वेळेत रुग्ण घालू नका. भेटी थोड्या कमी होतील. शुल्काने भरून काढायचा तोटा तो हाच.

शुल्क लावल्यावर नुसती संदेशांची एकूण संख्या मोजू नका. फोन किती वाढले ते बघा, कारण फोन फुकट असेल तर ओझे तिकडे सरकते. दीर्घ आजाराच्या रुग्णांपैकी आधी नियमित लिहिणारे किती जण गप्प झाले आणि ते तातडीच्या विभागात किती वेळा आले, ते बघा. हे वय, भाषा आणि विम्याच्या प्रकारानुसार वेगळे काढा आणि दर सहा महिन्यांनी जाहीर करा.

आणि बिलावर 'डिजिटल सेवा' एवढेच छापू नका. संदेशाची तारीख, उत्तर देणाऱ्या डॉक्टरचे नाव, मोजलेली मिनिटे, रुग्णाने कोणत्या दिवशी कोणते बटण दाबून होकार दिला ते, आणि हरकत घेण्यासाठी फोन नंबर छापा. हरकतीचा निकाल लागेपर्यंत ते बिल वसुलीवाल्यांकडे पाठवू नका.

आपले,
रुग्ण-पोर्टल, नर्सिंग आणि वैद्यकीय बिलिंगचे काम करणारे काही जण